95 वर्षे टिकणारी ट्यूब, दोन दिवसांत थांबणारे यंत्र

एखादा सुटा भाग सरासरी 95 वर्षे टिकतो असे कुणी सांगितले, तर आपण तो डोळे मिटून घेऊ. अशाच भागांचा बनलेला एक संगणक मात्र दर दोन दिवसांनी बिघडत असे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. जुन्या संगणकांचा मोठा संग्रह सांभाळणे इतके अवघड का असते, त्याचे उत्तर याच दोन आकड्यांत आहे.

तो संगणक म्हणजे फिलाडेल्फियातला एनिअ‍ॅक. फेब्रुवारी 1946 मध्ये तो जगासमोर आला. वजन सुमारे 30 टन. त्यात 17,468 व्हॅक्यूम ट्यूब, सुमारे 70,000 रेझिस्टर, 10,000 कपॅसिटर आणि हाताने सोल्डर केलेले जवळजवळ 50 लाख सांधे होते. सुरुवातीला रोज काही ट्यूब उडत. त्यातल्या बऱ्याच यंत्र चालू किंवा बंद करताना, फिलामेंट तापताना आणि निवताना जात. म्हणून यंत्र बंदच न करण्याची पद्धत पडली. पुढे प्रमाण दोन दिवसांना एक ट्यूब इतके खाली आले. आता हिशेब करू. 17,468 ट्यूब गुणिले दोन दिवस म्हणजे 34,936 दिवस, 95 वर्षांहून थोडे जास्तच. एकेक ट्यूब माणसाहून दीर्घायुषी आणि सगळ्या मिळून दोन दिवसांच्या सोबती. एनिअ‍ॅक न बिघडता सलग जास्तीत जास्त किती चालला? 116 तास, म्हणजे पाच दिवसही नाही. तेही 1954 साली.

हाच दर इतरांना लावून पाहू. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅकमध्ये सुमारे 2,700 ट्यूब होत्या. एनिअ‍ॅकच्या दराने तेरा दिवसांना एक ट्यूब गेली असती. अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी आयबीएमने बांधलेल्या सेज यंत्रणेतला एकेक संगणक-संच सुमारे 250 टनांचा होता आणि त्याच्या संगणकांत 49,000 ट्यूब होत्या. त्या दराने सतरा तासांना एक! बिघाडाने काम थांबू नये म्हणून प्रत्येक संचात दोन संगणक शेजारी शेजारी असत. एक कामावर, दुसरा तयारीत. वीज लागे 3 मेगावॉटपर्यंत, म्हणजे दिवसाला 72,000 युनिटपर्यंत. आज या यंत्राचे काही भागच संग्रहालयांत पाहायला मिळतात, कारण 250 टनांचे यंत्र अखंड ठेवायला इमारत लागते आणि चालवायला वीज उपकेंद्र.

आता ट्यूब सोडून नंतरच्या घरगुती आणि कार्यालयीन संगणकांकडे येऊ. समजा, एका गोदामात असे 10,000 संगणक आहेत आणि प्रत्येकात 50 इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटर. एकूण पाच लाख. प्रत्येकाला सरासरी 50 वर्षांचे आयुष्य दिले, तरी वर्षाला 10,000, म्हणजे दिवसाला 27 कपॅसिटर निकामी होणार. त्यातला एखादा गळला की खालच्या सर्किट बोर्डाचे तांबे खातो. मदरबोर्डावरची निकेल-कॅडमियम बॅटरीही तेच करते, यंत्र कपाटात बंद असले तरी! म्हणून संग्रह दाखल होताना पहिले काम असते बॅटरी काढण्याचे. एका संगणकाला वर्षातून फक्त एक तास दिला, तरी 10,000 तास होतात. वर्षाला 2,000 तास काम करणारी पाच माणसे केवळ पाहणीतच अडकली. दुरुस्ती अजून सुरूही झालेली नाही.

चुंबकीय फितींचा हिशेब याहून चक्रावणारा आहे. अर्धा इंच रुंदीच्या जुन्या फितीचे पूर्ण रीळ 2,400 फूट, म्हणजे सुमारे 730 मीटर. एका इंचात 1,600 बाइट, म्हणजे अख्ख्या रिळात फार तर 46 मेगाबाइट. अशी 10,000 रिळे उलगडली तर फीत 7,300 किलोमीटर भरेल. पायाखालच्या जमिनीपासून पृथ्वीच्या केंद्रापर्यंत पोचून वर उरेल. त्यातली सगळी माहिती मात्र 460 गीगाबाइटच्या आत मावते, म्हणजे नखाएवढ्या मेमरी कार्डात. पण ती तिथे आणायची कशी? फीत स्वच्छ करणे, चढवणे, वाचणे, नोंदवणे यांना रिळामागे 20 मिनिटे धरली तरी 3,300 तासांहून अधिक वेळ जातो. काही जुन्या फितींचा लेप चिकट झालेला असतो. त्या आधी कमी तापमानावर तासन्‌तास भाजाव्या लागतात.

तरीही काही यंत्रे जिवंत आहेत. ब्लेचली पार्कमधला हार्वेल डेकॅट्रॉन 1951 चा, वजन अडीच टन. तीन वर्षांच्या खटपटीनंतर 2012 मध्ये तो पुन्हा चालू झाला. मूळ भागांसह चालणारा जगातला सर्वांत जुना डिजिटल संगणक म्हणून तो ओळखला जातो. एका गुणाकाराला तो पाच ते दहा सेकंद घेतो. त्याचे बळ साधेपणात आहे. मोजणी करणाऱ्या 828 डेकॅट्रॉन नळ्या आणि 480 रिले. एनिअ‍ॅकच्या मानाने भाग थोडे, म्हणून बिघाडही माणसाच्या आवाक्यात.

सिएटलमधले, मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन यांचे लिव्हिंग कम्प्युटर्स संग्रहालय 2012 मध्ये उघडले. तिथे पाहुणे जुन्या संगणकांवर स्वतः काम करत. 2020 मध्ये दारे बंद झाली आणि 2024 मध्ये ती पुन्हा उघडणार नाहीत हे जाहीर झाले. संग्रहातल्या काही वस्तू लिलावात गेल्या. पैसा, जागा, वीज यांची बेरीज करताना ही यंत्रे हाताने उघडणारी माणसे वजा होत जातात, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. ट्यूब किंवा कपॅसिटर कुठेतरी मिळेल. तो कोणत्या क्रमाने बदलायचा हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे वय आज बहुधा सत्तरीपलीकडे आहे.

म्हणून मोठ्या संग्रहाने सगळे चालू ठेवण्याचा हट्ट धरू नये. पाच सारख्या यंत्रांतले एक चालते ठेवावे, बाकीची सुट्या भागांसाठी नीट जपावीत. बॅटऱ्या आजच काढाव्यात, फिती आधी वाचून घ्याव्यात. आणि जुन्या तंत्रज्ञाला दुरुस्ती करायला बोलवाल, तेव्हा शेजारी वही घेतलेली दोन तरुण मुले बसवावीत. भागांची संख्या आपल्याला कमी करता येणार नाही. जाणत्यांची वाढवता येईल.