सूर्य मावळला, तरी सौर दिवे कसे लागतात?

दिवसाची सौर वीज बॅटरीत साठते. अनेक लिथियम-आयन बॅटऱ्यांत कोबाल्ट ऑक्साइडचे थर असतात, फडताळाच्या कप्प्यांसारखे. चार्ज होताना लिथियमचे आयन तिथून निघून ग्राफाइटच्या थरांत शिरतात. दिवा लावला की ते माघारी फिरतात आणि इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून धावतात. तीच आपली वीज.

१९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ आणि सहकाऱ्यांनी कोबाल्ट ऑक्साइडची ही करामत दाखवली. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईने त्यांना ऊर्जा संशोधनाकडे वळवलं होतं. सक्तीची निवृत्ती टाळण्यासाठी ते १९८६ मध्ये टेक्सासला गेले. वयाकडे बोट दाखवून तिथे कुणी घरी बसवलं नाही, याबद्दल ते कृतज्ञ होते. २०१९ मध्ये, ९७ व्या वर्षी, ते सर्वांत वयोवृद्ध नोबेल मानकरी ठरले.