शितावरून भाताची परीक्षा
(अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक आणि सामान्य माणसाचें मत)

दर चार वर्षांनीं नोव्हेंबर महिन्यांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होते. तिच्या कित्येक महिने आधींपासून अमुक उमेदवारास शेंकडा इतके लोक अनुकूल, तमुकास इतके, असे आंकडे प्रसिद्ध होऊं लागतात व आपल्याकडील वर्तमानपत्रांतही ते मोठ्या अक्षरांत छापून येतात. ते वाचून एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "मतदान तर अजून व्हावयाचें आहे, मग लोकांच्या मनांतलें ह्यांस आधींच कळलें कसें? इतक्या कोट्यवधि माणसांना विचारावयास गेलें तरी कोण?" प्रश्न मार्मिक आहे. ज्या देशांत राज्यकर्ते लोकांच्या मतानें नेमले जातात त्या देशाच्या आजच्या व उद्यांच्या नागरिकास, लोकमत म्हणजे काय, तें मोजतात कसें व मोजतांना फसगत कोठें होते, हें ठाऊक असणें अवश्य आहे. म्हणून ह्या प्रश्नाचा थोड्या विस्तारानें विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

आधीं निवडणुकीची रीत समजून घेतली पाहिजे. अमेरिकन मतदार अध्यक्षास सरळ निवडीत नाहीं. त्या राष्ट्रांत ५० संस्थानें आहेत. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत ज्या संस्थानाचे जितके प्रतिनिधि, तितके निर्वाचक त्याच्या वांट्यास येतात. राजधानीच्या शहरास तीन मिळतात. अशा एकूण ५३८ निर्वाचकांपैकीं निदान २७० ज्याच्या बाजूस, तो अध्यक्ष. मेन व नेब्रास्का हीं दोन संस्थानें वगळल्यास इतरत्र असा नियम आहे कीं, संस्थानांत ज्यास सर्वांत अधिक मतें पडतील त्यासच तेथील सगळे निर्वाचक मिळावे. त्यामुळें देशभर अधिक मतें मिळवूनही उमेदवार पराभूत होऊं शकतो. १८७६, १८८८, २००० व २०१६ ह्या वर्षीं तसेंच घडलें. तेव्हां लोकमताचा अंदाज करणारास दोन कोडीं सोडवावीं लागतात. देशांत कोणाचें पारडें जड आहे हें पहिलें. आणि कोणत्या संस्थानांत कोणाचें, हें दुसरें.

सामान्य माणसास "तुझें मत कोणास?" असें विचारण्याची चाल तेथें जुनी आहे. १८२४ सालीं हॅरिसबर्ग येथील एका वर्तमानपत्रानें डेलावेअर संस्थानांतील विल्मिंग्टन शहरीं झालेली चांचणी प्रसिद्ध केली. तींत अँड्र्यू जॅक्सन ह्यांस ३३५ व जॉन क्विन्सी ॲडम्स ह्यांस १६९ मतें होतीं. प्रत्यक्ष निवडणुकींतही जॅक्सन ह्यांसच सर्वांत अधिक मतें मिळालीं. परंतु निर्वाचकांचें निर्भेळ बहुमत कोणासच न मिळाल्यामुळें निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली व त्या गृहानें ॲडम्स ह्यांस अध्यक्ष केलें. अशा चांचणीस तिकडे "गवताच्या काडीची चांचणी" म्हणतात. वारा कोणीकडून वाहतो हें पाहण्यासाठीं काडी हवेंत सोडावी, तसा हा प्रकार. खळ्यावर उफणणीस उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्यास हा दाखला सहज पटेल. परंतु काडी ज्या जागीं सोडली त्या जागेचाच वारा ती दाखविते, हें त्याहून महत्त्वाचें आहे. पुढील शंभर वर्षांत ह्या गोष्टीचा विसर पडला.

त्या विसराचें फळ १९३६ सालीं दिसून आलें. "लिटररी डायजेस्ट" नांवाचें एक वजनदार साप्ताहिक १९१६ पासून अध्यक्षाच्या निवडणुकीचे अंदाज वर्तवीत असे. तें लाखों मतपत्रिका टपालानें पाठवी आणि परत आलेल्या पत्रिका मोजून भविष्य सांगे. तें भविष्य पुष्कळदां खरें ठरलें होतें. १९३२ चें तर जवळ जवळ तंतोतंत जुळलें. १९३६ मध्यें डेमोक्रॅटिक पक्षाचे फ्रँकलिन रूझवेल्ट व रिपब्लिकन पक्षाचे आल्फ्रेड लँडन ह्यांचा सामना होता. साप्ताहिकानें सुमारें १ कोटि पत्रिका पाठविल्या. सुमारें २४ लाख परत आल्या. त्यांवरून लँडन मोठ्या बहुमतानें निवडून येणार असें त्यानें जाहीर केलें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट ह्यांस शेंकडा सुमारें ६१ मतें पडलीं. त्यांना ५२३ निर्वाचक मिळाले आणि लँडन ह्यांना अवघे ८. दोनच वर्षांनीं, १९३८ सालीं, तें साप्ताहिक बंद पडलें.

चोवीस लाख माणसांनीं खोटें सांगितलें काय? मुळींच नाहीं. प्रत्येकानें आपलें खरेंच मत कळविलें होतें. चूक विचारणाराची होती. पत्रिका पाठविण्यासाठीं घेतलेलीं नांवें मुख्यत्वें टेलिफोनच्या व मोटारगाड्यांच्या नोंदवह्यांतून घेतलेलीं होतीं. १९२९ पासून त्या देशावर मोठ्या मंदीचें संकट कोसळलें होतें. अशा दिवसांत ज्याच्या घरीं टेलिफोन व दारीं मोटार तो बहुधा सुखवस्तु; आणि ज्याचा रोजगार गेला, ज्याचें शेत गहाण पडलें, त्याचें नांव त्या वह्यांत कोठून असणार? मागच्या निवडणुकींत गरीब व श्रीमंत ह्यांच्या मतांत इतकी तफावत नव्हती म्हणून हा दोष झांकून राहिला. रूझवेल्ट ह्यांच्या कारकीर्दींत ती तफावत वाढली आणि दोष उघडा पडला. दुसरें कारण असें कीं, उत्तर पाठविणारांची संख्या पाव हिश्शाहूनही कमी होती. आणि जो सरकारावर रुष्ट असतो तो उत्तर लिहिण्यास अधिक उत्सुक असतो. बोलणारांची मतें मोजलीं गेलीं. गप्प बसणारांचीं राहून गेलीं.

ह्याच वर्षीं जॉर्ज गॅलप ह्या तरुण संशोधकाचें नांव पुढें आलें. त्यानें १९३५ सालीं लोकमत अजमावणारी संस्था काढली होती. फारच थोड्या माणसांस विचारून, पण तीं सर्व थरांतील निवडून, त्यानें रूझवेल्ट विजयी होणार असें सांगितलें. एवढेंच नव्हे, तर साप्ताहिकाच्या पत्रिका निघण्यापूर्वींच तिचा निकाल काय लागेल व तो कां चुकेल हेंही त्यानें सांगून ठेविलें. त्याचाही आंकडा बिनचूक नव्हता. रूझवेल्ट ह्यांस त्यानें शेंकडा सुमारें ५६ मतें दिलीं होतीं. परंतु दिशा बरोबर होती.

मूठभर माणसांवरून कोट्यवधींचें मत कसें समजावें? ह्याचें उत्तर आपल्या घरोघरच्या स्वयंपाकघरांत आहे. शितावरून भाताची परीक्षा, असें आपण म्हणतों. भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यास आई सबंध पातेलें रिकामें करीत नाहीं. दोन शितें बोटांनीं चेपून पाहते. पातेलें चार माणसांचें असो कीं लग्नाच्या पंगतीचें असो, शितें तितकींच पुरतात. परंतु शितें तळचींच घेतलीं तर भात करपला असें वाटेल, आणि केवळ वरचीं घेतलीं तर कच्चा आहे असें वाटेल. साप्ताहिकानें वरचीं शितें घेतलीं होतीं, आणि तीं २४ लाख असूनही व्यर्थ गेलीं.

गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांस आणखी एक गोष्ट सांगतों. प्रत्येक मतदारास निवडलें जाण्याची सारखी संधि ठेवून, चिठ्ठ्या टाकाव्या तशीं १,००० माणसें निवडलीं, तर त्यांच्या मतांत व सर्व जनतेच्या मतांत बहुधा शेंकडा ३ हून अधिक अंतर पडत नाहीं. म्हणजे अशा १०० चांचण्यांपैकीं सुमारें ९५ ह्या मर्यादेंत राहतात. ही मर्यादा निम्मी करावयाची असेल तर माणसें दुप्पट घेऊन भागत नाहीं, चौपट घ्यावीं लागतात. ह्यावरून हेंही कळेल कीं, एका उमेदवारास शेंकडा ४८ व दुसऱ्यास ४७ असें छापून आलें असतां पहिला पुढें आहे असें म्हणणें धाडसाचें आहे.

गॅलपची पद्धतही निर्दोष नव्हती, हें १९४८ सालीं सिद्ध झालें. हॅरी ट्रूमन व थॉमस ड्यूई ह्यांच्या सामन्यांत सगळ्या नामांकित संस्थांनीं ड्यूई विजयी होणार असें सांगितलें. एका संशोधकानें तर सप्टेंबरांतच पुढील विचारपूस अनावश्यक ठरविली. ट्रूमन मात्र आगगाडीनें हजारों मैल फिरले. लहान लहान स्टेशनांवर गाडीच्या मागच्या सज्जांत उभे राहून त्यांनीं शेतकऱ्यांशीं व मजुरांशीं भाषणें केलीं. निकालाच्या रात्रीं "शिकागो ट्रिब्यून" पत्रानें ड्यूई विजयी झाल्याचा मथळा छापूनही टाकला. पण निवडून आले ट्रूमन. तो अंक दोन्ही हातांनीं उंच धरून हंसणाऱ्या ट्रूमन ह्यांचें छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. पुढें तज्ज्ञांनीं चौकशी केली तेव्हां दोन दोष आढळले. पहिला असा कीं, इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, अमुक उत्पन्नाचे इतके, अशी संख्या ठरवून दिली जाई. पण त्यांत कोणाचें दार ठोठावावें हें विचारणाराच्या मर्जीवर असे, आणि तो साहजिकच सोईच्या घराकडे वळे. दुसरा असा कीं, शेवटच्या दिवसांत पुष्कळांचा निश्चय झाला व तो टिपावयास कोणी हजर नव्हतें. त्यानंतर चिठ्ठ्यांच्या पद्धतीनें माणसें निवडण्याकडे लोकांचा कल झाला.

मत मोजण्याविषयीं इतकें झालें. तें बनतें कसें? १९४० सालीं पॉल लाझार्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ओहायो संस्थानांतील ईरी परगण्यांत ६०० मतदारांस मे ते नोव्हेंबरपर्यंत दरमहा भेटून ह्याचा शोध घेतला. वर्तमानपत्रें व रेडिओ ह्यांच्या प्रचारानें माणसांचीं मनें झपाट्यानें पालटत असतील अशी समजूत होती. आढळलें तें निराळें. एका पक्षाकडून दुसऱ्याकडे जाणारे फारच थोडे निघाले. प्रचारानें बहुतेकांचें पूर्वीचेंच मत घट्ट झालें. ज्यांनीं मत बदललें किंवा उशीरां ठरविलें, त्यांच्यावर छापील मजकुरापेक्षां घरच्या माणसांच्या, शेजाऱ्यांच्या व कामावरच्या सोबत्यांच्या बोलण्याचा परिणाम अधिक दिसला. आणि ज्यांच्या घरचें मत एक व मित्रांचें दुसरें, त्यांना निश्चय करण्यास सर्वांत अधिक वेळ लागला. आमच्या पालकवर्गानें ह्या शोधाकडे अवश्य लक्ष द्यावें. जेवतांना आपण सार्वजनिक गोष्टींविषयीं जसें बोलतों, तसें मुलांचें मत घडत असतें.

"सामान्य माणूस" ह्या शब्दांत कोणाकोणाचा समावेश होतो, हाही प्रश्न लहान नाहीं. १८२४ सालीं त्या देशांत मताधिकार जवळ जवळ गोऱ्या पुरुषांपुरताच होता. देशभरच्या स्त्रियांस तो १९२० सालीं मिळाला. काळ्या पुरुषांस तो राज्यघटनेनें १८७० सालींच दिला होता. परंतु दक्षिणेंतील संस्थानांत वाचनाच्या परीक्षा, मतदानावरील कर आणि दहशत ह्यांच्या योगानें तो हिरावला गेला, आणि १९६५ च्या कायद्यानंतरच तो खऱ्या अर्थानें हातीं आला. आरंभींच्या चांचण्यांतही, जे मत देऊं शकतात त्यांसच विचारावयाचें, ह्या धोरणानें दक्षिणेंतील काळे लोक बहुतेक वगळले जात व स्त्रियांची संख्या कमी धरली जाई. ज्यास मत देतां येत नाहीं त्यास मत नाहीं असें मानलें जाई. आणि छापलेल्या आंकड्यास मात्र नांव असे "अमेरिकेचें मत".

आतांच्या काळीं साधनें वाढलीं तरी अडचण तीच आहे. पूर्वीं टेलिफोन थोड्यांकडे होता; आतां तो प्रत्येकाच्या खिशांत आहे, पण अनोळखी हांकेस ओ देणारे थोडे. प्यू ह्या संशोधनसंस्थेच्या टेलिफोनवरील चांचण्यांस १९९७ मध्यें शेंकडा ३६ लोक उत्तर देत. २०१८ मध्यें शेंकडा ६. २०१६ सालीं हिलरी क्लिंटन ह्यांस देशभर सुमारें २९ लाख मतें अधिक मिळालीं, आणि देशव्यापी चांचण्यांचा अंदाज फारसा चुकला नव्हता. परंतु विस्कॉन्सिन, मिशिगन व पेन्सिल्व्हेनिया ह्या तीन संस्थानांतील अंदाज चुकले आणि डोनल्ड ट्रम्प अध्यक्ष झाले. महाविद्यालयांत शिकलेले लोक उत्तरें अधिक देतात, न शिकलेले कमी देतात, आणि पुष्कळ चांचण्यांनीं हा फरक हिशेबांत धरला नव्हता, असें तज्ज्ञांच्या समितीस आढळलें. २०२० सालीं विजेत्याचें नांव बरोबर आलें. पण जो बायडन ह्यांची आघाडी प्रत्यक्षाहून बरीच मोठी दाखविली गेली. २०२४ सालीं सामना अटीतटीचा असल्याचें बहुतेकांनीं सांगितलें. ट्रम्प ३१२ निर्वाचक मिळवून विजयी झाले. १९३६ सालीं ज्यांच्याकडे टेलिफोन नव्हता ते राहून गेले. पुढें ज्यांनीं तो उचलला नाहीं ते राहून गेले.

तर मग हे आंकडे टाकाऊ समजावे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. चांचणी नसेल तर ज्याचा आवाज मोठा तोच "लोक असें म्हणतात" म्हणून सांगूं लागेल, आणि त्यास खोडून काढण्यास कांहींच साधन उरणार नाहीं. मात्र आंकडा वाचतांना चार प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्यावी. विचारलें कोणी व त्याचा खर्च कोणी दिला? किती जणांस विचारलें, आणि तीं माणसें निवडलीं कशीं? प्रश्न कोणत्या शब्दांत व कोणत्या दिवशीं विचारला? आणि ज्यांनीं उत्तर दिलें नाहीं, ते कोण?

विद्यार्थिमित्रहो, ह्यांपैकीं चवथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो शाळेंतही उपयोगी पडेल. वर्गांत एखाद्या गोष्टीविषयीं मत विचारलें असतां पहिल्या बांकावरचे चारसहा हात झटकन वर होतात, आणि वर्गाचें मत तेंच असें ठरून जातें. मागच्या बांकावरील मुलास, नवीन आलेल्या मुलीस, किंवा ज्यास प्रमाण भाषा नीट बोलतां येत नाहीं त्यास, मत नसतें असें नाहीं. त्यास कोणी विचारलेलें नसतें. तुम्ही पुढें वर्गाचे प्रतिनिधि व्हाल, गांवचे पंच व्हाल, कोणी वर्तमानपत्रांत लिहाल. "लोकांचें म्हणणें असें आहे" हे शब्द उच्चारण्यापूर्वीं त्या मागच्या बांकापर्यंत एकदां जाऊन यावें, इतकीच आमची अपेक्षा आहे.