मुंबईकडे आलेला राष्ट्रीय फुटबॉल लीगचा एकमेव करंडक

वाशिमच्या शिवारात ज्या नावाचे ट्रॅक्टर नांगरणी करतात, त्याच नावाच्या मुंबईच्या संघाने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. महिंद्रा युनायटेड. ही लीग १९९६-९७ ते २००६-०७ असे अकरा हंगाम चालली. पहिले विजेतेपद पंजाबच्या जेसीटीने मिळवले. पुढची सगळी मोहन बागान, ईस्ट बंगाल, साळगावकर आणि धेंपो यांनी, म्हणजे कोलकाता आणि गोव्याने वाटून घेतली. अपवाद फक्त या एका हंगामाचा.

प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा, भारताचे माजी बचावपटू. आक्रमणात ब्राझीलचा होजे रामिरेझ बारेटो होता. मोहन बागानसोबत ही लीग दोनदा जिंकलेला बारेटो म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉलची भारतातली सर्वांत लाडकी ओळख. उजव्या बगलेवर मुंबईचा स्टीव्हन डायस. २००५ चा फेडरेशन चषकही याच संघाने जिंकला होता, त्यामुळे हे यश दुहेरी ठरले. महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासात त्याला मिळायला हवी तेवढी जागा आजही मिळालेली नाही, असे माझे ठाम मत आहे.

२००७ मध्ये या लीगची जागा आय-लीगने घेतली. १९६२ मध्ये स्थापन झालेला महिंद्राचा संघ कंपनीने २०१० मध्ये बंद केला. देशाच्या अव्वल लीगचे विजेतेपद त्यानंतर महाराष्ट्रात आले ते २०२०-२१ मध्ये, मुंबई सिटीने इंडियन सुपर लीग जिंकली तेव्हा.