केमोच्या दिवसांत झोपून राहायचे की चालायचे?

घरात कुणाची केमोथेरपी सुरू झाली, की पहिली आज्ञा सुटते ती आरामाची. ‘तू नुसती पडून राहा, सगळं हातात आणून देतो.’ आज्ञेमागे माया असते, पण ती रुग्णाला दुबळे करते. कर्करोगाच्या उपचारांत येणारा थकवा नेहमीच्या दमणुकीसारखा नसतो. रात्रभर झोपूनही तो उतरत नाही. अंथरुणात दिवस गेले की स्नायू रोडावतात, मग जिन्याच्या चार पायऱ्यांवर धाप लागते आणि माणूस पुन्हा अंथरूण गाठतो. त्याला त्यातून बाहेर काढते ती थोडीथोडी हालचाल. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या ‘अ‍ॅस्को’ या संघटनेने २०२२ मध्ये तशी शिफारसच केली आहे. रोग बरा करण्यासाठी उपचार चालू असतील, तर चालण्यासारखा आणि स्नायूंना बळ देणारा, असे दोन्ही व्यायाम रुग्णाला सुचवावेत, असे ती सांगते.

व्यायामाने आयुष्य वाढते का, या प्रश्नाचे ठोस उत्तर २०२५ मध्ये मिळाले, तेही मोठ्या आतड्याच्या कर्करोगापुरते. प्रामुख्याने कॅनडा व ऑस्ट्रेलियात झालेल्या या चाचणीत शस्त्रक्रिया आणि केमो पूर्ण झालेले ८८९ रुग्ण होते. निम्म्यांना फक्त माहितीपुस्तिका दिली, उरलेल्यांना तीन वर्षे मार्गदर्शकाच्या मदतीने व्यायाम. बहुतेकांसाठी तो म्हणजे आठवड्यातून तीन-चार वेळा झपझप चालणे. आठ वर्षांनी पुस्तिकेच्या गटात सुमारे ८३ टक्के जण हयात होते, व्यायामाच्या गटात ९०. हे आकडे केमोनंतरचे आहेत, प्रत्येक कर्करोगाला ते लावता येणार नाहीत. तरीही एखाद्या औषधाने एवढा फरक दाखवला असता, तर त्याची केवढी जाहिरात झाली असती!

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर ‘त्या हाताने काही उचलू नकोस’ हे तर अनेक बायकांना वर्षानुवर्षे ऐकावे लागते. हाताला सूज येईल ही भीती. पण हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांवरील अमेरिकी अभ्यासात (२००९) हळूहळू वजने उचलणाऱ्यांची सूज वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी आले. मात्र हे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनापासून सुरू केलेले होते.

केमोनंतरचे दोन-तीन दिवस मळमळीत जातात. तेव्हा घरातल्या घरात पाच मिनिटे फेऱ्या मारल्या तरी पुरे. नंतर दहा मिनिटे, मग पंधरा. चालताना बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत वेग असावा. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहादा उठणे हाही पायांचा चांगला व्यायाम.

ताप, छातीत दुखणे, चक्कर, कुठून रक्तस्राव असेल, तर त्या दिवशी व्यायाम नाही; लगेच डॉक्टरांना कळवायचे. रोग हाडांत पसरला असेल किंवा रक्तातले हिमोग्लोबिन, प्लेटलेट फार उतरले असतील, तर काय चालेल हे आधी विचारून घ्यावे. पांढऱ्या पेशी कमी असताना पोहण्याचा तलाव आणि गर्दीची जिम टाळावी. काही औषधांनी तळपाय बधिर होतात. अशांनी अनवाणी किंवा सैल सपाता घालून न चालता पायात नीट बसणारे बूट घालावेत, आणि सोबत घरातले कुणीतरी असावे.