गुडघ्यांना हवी हालचाल

लखनऊच्या आलमबागेत हिवाळ्याचे दाट धुके उतरले की अनेक ज्येष्ठांचे सकाळचे फिरणे थांबते. गुडघेदुखी असणाऱ्यांना तर हे निमित्तच पुरते. ही विश्रांती मात्र महागात पडते. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. हालचालीमुळे खेळणाऱ्या वंगणद्रवातून तिचे पोषण होते. बैठ्या दिनक्रमाने मांडीचे स्नायू दुर्बळ होतात आणि गुडघ्यावरील भार वाढतो.

लखनऊचे खासदार व तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर २००० व २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाल्या. अशा शस्त्रक्रियेनंतरही व्यायाम चुकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम करावेत. ती दहा-दहा मिनिटांत विभागता येतात. धुक्याच्या दिवशी घरातच खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करावा व पाच सेकंद तसाच धरावा. व्यायामानंतर वाढलेली वेदना दोन तासांहून अधिक टिकल्यास पुढील वेळी प्रमाण कमी करावे. सांधा सुजून गरम झाल्यास त्याला विसावा देऊन डॉक्टरांना दाखवावे.

आवर्ती ठेवीप्रमाणे येथेही रकमेपेक्षा नियमितपणाचे मोल अधिक आहे.