शीतकालीन प्रवास आणि पाळीव प्राण्यांचा उष्णता-समतोल

कडक हिवाळ्यात कुत्र्यामांजरांना प्रवासास नेताना किती थंडी सुरक्षित मानावी, हा प्रश्न वरकरणी केवळ तापमापकाचा वाटतो. अमेरिकेच्या प्राणिकल्याणविषयक नियमांत त्याचे उत्तर अंकांत दिलेले आढळते. व्यावसायिक वाहतुकीत कुत्रे वा मांजर एका वाहनातून दुसरीकडे हलविताना 45 अंश फॅरनहाइटहून, म्हणजे सुमारे 7 अंश सेल्सिअसहून, थंड हवेत 45 मिनिटांपेक्षा अधिक काळ ठेवता येत नाही. मात्र प्राणी कमी तापमानास सरावलेला असल्याचे पशुवैद्याचे प्रमाणपत्र असल्यास ही मर्यादा शिथिल होते. प्रश्नाचे मर्म या अपवादातच आहे.

1950 साली शोलांडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्रुवप्रदेशातील व उष्ण कटिबंधातील प्राण्यांच्या चयापचयाची तुलना प्रसिद्ध केली. उष्ण कटिबंधातील सस्तन प्राण्यांना 20 ते 30 अंश सेल्सिअसच्या खालीच अधिक उष्णता निर्माण करावी लागे. ध्रुवीय कोल्ह्यास उणे 30 अंशांतही तशी गरज भासली नाही. दोहोंच्या शरीराचे तापमान जवळजवळ सारखेच असते. भेद मुख्यतः केसांच्या आवरणाचा होय. केसांत अडकलेली स्थिर हवा उष्णता रोखून धरते. वाऱ्याने ती हवा ढळते, ओलाव्याने तिची जागा पाणी घेते, आणि दाट केसांचा प्राणीही उघडा पडतो. लहान प्राण्यात वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक असल्याने उष्णतेचा व्ययही अधिक होतो.

यावरून प्रवासाचे नियम आपोआप निष्पन्न होतात. पेटीत कोरडे व जाड अंथरूण असावे. वारा अडवावा, परंतु श्वसनासाठी ठेवलेली छिद्रे बुजवू नयेत. उभी मोटार लवकर थंड होते, म्हणून तीत प्राण्यास एकटे ठेवू नये; बंद जागेत इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइडचा धोका संभवतो. प्राण्यास शांत ठेवण्यासाठी दिलेली काही औषधे त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारून उष्णतेचा व्यय वाढवितात. ती पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नयेत.

सराव होण्यास काही आठवडे लागतात. मुंबईच्या हवेत वाढलेल्या आखूड केसांच्या कुत्र्यास जानेवारीत शिकागोस नेले, तर त्यास तो अवधी मिळत नाही. सरावलेल्या प्राण्याचे प्रमाणपत्रही त्याच्या सवयीपुरतेच बोलते. भिजलेल्या केसांची किंवा झोंबऱ्या वाऱ्याची हमी ते देत नाही. तो विचार प्रत्येक प्रवासात नव्याने करावा लागतो.