मगर, हंस आणि भिंगाची निवड

वन्यजीवांची छायाचित्रे टिपावयास निघताना 'सर्वांत मोठे भिंग कोणते?' असे विचारण्यापूर्वी 'प्राणी किती दूर असेल?' हे विचारावे. भिंगाच्या मिलिमीटरांना प्राण्याच्या लांबीने गुणून अंतराने भागिले की प्रतिमेचा आकार मिळतो. आपल्या फतेगंजजवळ विश्वामित्रीच्या पुलावरून ३० मीटरांवर ३ मीटर लांबीची मगर (आमच्या कोकणीत 'मानगें') दिसली, असे समजा. ३०० मिलिमीटरच्या भिंगातून तिची प्रतिमा ३० मिलिमीटर उमटेल. ३६ मिलिमीटर रुंदीची चौकट जवळजवळ भरेल.

सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या, डभोईनजीकच्या वढवाणा तलावावर मात्र हेच भिंग तोकडे पडते. हिमालय ओलांडून हिवाळ्यात येणारा पाऊण मीटरचा पट्टकादंब हंस १०० मीटरांवर असल्यास प्रतिमा जेमतेम सव्वादोन मिलिमीटर! ६०० मिलिमीटरचे भिंग ती दुप्पट करील. परंतु ते महाग, जड आणि हातात थरथरणारे. १/६०० सेकंदाहून अधिक वेळ झडप उघडी राहिल्यास चित्र पुसट होण्याचा संभव असतो. माझी पहिली चित्रे अशीच वाया गेली. तेव्हापासून टेकू म्हणून तांदळाची लहान पिशवी मी जवळ बाळगतो.

जवळ जाण्यासाठी थव्यावर चालून मात्र जाऊ नये. तो उडाला की त्याचे चरणे मोडते, आणि आपले चित्रही जाते. काठावर स्वस्थ बसल्यास हंस पुष्कळदा चरत चरत आपणच जवळ येतात.